खासदाराचं मत कुठे लिहिलेलं असतं?

माझं दापोलीत झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे, त्यामुळे लोकांच्या मोबाईलवर काय काय फिरतंय ते माझ्यापर्यंत येतंच. मागचं अधिवेशन संपलं तेव्हा हर्णैचे एक काका आले होते, स्वतःची होडी आहे त्यांची, सगळी हयात समुद्रावर गेलेली. त्यांनी मोबाईल पुढे केला. रंगीत फोटो, खासदाराचा चेहरा, खाली हजेरी अमुक टक्के, प्रश्न अमुक, चर्चा अमुक. "अगो, हे खरं काय? आणि खरं असलं तर चांगलं म्हणायचं की वाईट?" मी आधी चेहरा बघितला. तो आमचा खासदारच नव्हता.

हे आमच्याकडे खूप जणांचं होतं आणि त्यात लोकांची चूक नाही. दापोली रत्नागिरी जिल्ह्यात, कलेक्टर रत्नागिरीला, झेडपी रत्नागिरीला, मग खासदार पण रत्नागिरी-सिंधुदुर्गचाच असणार असं वाटतं. पण २००९ च्या निवडणुकीपासून दापोली आणि गुहागर हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ रायगड लोकसभेत आहेत, पेण, अलिबाग, श्रीवर्धन आणि महाडसोबत. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी मिळून रत्नागिरी-सिंधुदुर्ग होतो. आणि चिपळूण तालुक्यातली काही गावं परत गुहागर मतदारसंघात आहेत, म्हणजे ती रायगडच्या खासदाराची. त्यामुळे खासदार काय करतो हे बघायच्या आधी, आपला खासदार कोण हे एकदा मतदारयादीतल्या विधानसभा मतदारसंघाच्या नावावरून नक्की करा.

मग आम्ही बसलो. काकांचा पहिला प्रश्न एकदम सरळ होता. संसदेत इतके कायदे होतात, तर प्रत्येक कायद्याला आमच्या माणसाने हो म्हटलं की नाही म्हटलं ते दाखव. त्यांच्या डोक्यात असं होतं की प्रत्येक वेळी खासदार बटण दाबतो आणि त्याची नोंद होते. मी पण कॉलेजात असताना असंच समजत होते.

तसं नाही. बहुतेक कायदे आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात, बाजूने असतील त्यांनी हो म्हणा, विरोधात असतील त्यांनी नाही म्हणा, सभागृहातून दोन्ही बाजूंचा आवाज येतो, कुठला आवाज मोठा ते अध्यक्ष ठरवतात आणि निकाल सांगतात. कोण हो म्हणाला आणि कोण नाही म्हणाला हे कुठेच लिहिलं जात नाही. तुमचा खासदार ओरडला की गप्प बसला की त्या वेळेला कॅन्टीनमध्ये होता, काहीच कळायला मार्ग नाही. आवाजी मतदान झालं असेल आणि कोणी तुम्हाला सांगत असेल की अमक्याने या कायद्याला विरोधात मत दिलं, तर तो भाषणावरून किंवा पक्षावरून अंदाज सांगतोय एवढं लक्षात ठेवा.

नावानिशी मत नोंदायचं असेल तर मतविभाजन व्हावं लागतं. आवाजी निकाल मान्य नाही असं एखाद्या सदस्याने जरी म्हटलं तरी मतविभाजन मागता येतं. मग घंटा वाजतात, लोकसभेत साडेतीन मिनिटं, जे बाहेर असतील ते धावत येतात, दरवाजे बंद होतात आणि प्रत्येक जण आपल्या जागेवरची बटणं वापरतो. हिरवं म्हणजे हो, लाल म्हणजे नाही, पिवळं म्हणजे तटस्थ. ज्यांचं मशीनवर नोंदलं गेलं नाही किंवा चुकीचं नोंदलं गेलं ते चिठ्ठीवर मत देतात. म्हणूनच पहिला आकडा आणि शेवटचा आकडा यांच्यात मोठा फरक दिसू शकतो. १७ डिसेंबर २०२४ ला एक देश एक निवडणूक विधेयक मांडायचं की नाही यावर लोकसभेत मतविभाजन झालं तेव्हा मशीनवर आधी २२० विरुद्ध १४९ आलं आणि चिठ्ठ्या धरून २६९ विरुद्ध १९८ झालं. त्या दिवशी पहिला आकडा बातमीत बघून बऱ्याच जणांना वाटलं असेल की इतके खासदार गैरहजर! तसं नव्हतं.

यात एक बारीक नियम आहे जो मला फार महत्त्वाचा वाटतो. मतविभाजनाची मागणी उगाच केलीय असं अध्यक्षांना वाटलं तर ते सदस्यांना नुसतं जागेवर उभं राहायला सांगून डोकी मोजू शकतात, आणि असं मोजलं तर नावं नोंदली जात नाहीत. म्हणजे मोजणी होते, पण आपल्या हाताला काही लागत नाही. आणि कधीकधी मागणी होऊनही मतविभाजन होत नाही. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत शेतीची विधेयकं आली तेव्हा विरोधक मतविभाजन मागत होते, सदस्य जागेवर नाहीत असं पीठासनावरून सांगितलं गेलं, प्रचंड गोंधळ झाला आणि विधेयकं आवाजी मतदानानेच मंजूर झाली. इतक्या मोठ्या कायद्यावर कुठल्या खासदाराने काय मत दिलं याची यादी आज कोणाकडेच नाही. बाजू कुठलीही असो, ही यादी असायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

राज्यघटना दुरुस्ती असेल तर मात्र यादी मिळतेच, कारण तिथे एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश, असं दोन्ही मोजून सिद्ध करावं लागतं. २० सप्टेंबर २०२३ ला महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ ने मंजूर झालं. ते दोन नकार कोणाचे हे आपल्याला माहीत आहे, असदुद्दीन ओवैसी आणि आपल्या महाराष्ट्रातले त्या वेळचे खासदार इम्तियाज जलील. त्यांचं बरोबर की चूक यावर वाद घाला, पण वाद घालता येतो कारण नाव नोंदलेलं आहे. विश्वासदर्शक ठरावावर मतविभाजन झालं तर तिथेही तसंच. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं, ते अजून आमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना पाठ आहे.

यादी बघायची कुठे, तर संसद डॉट इन या सरकारी वेबसाईटवर लोकसभेच्या कामकाजाचा रोजचा वृत्तांत असतो, शब्दशः. ज्या दिवशी मतविभाजन झालं त्या दिवसाची पीडीएफ उघडायची, मोबाईलवर जड जाते, मी दुकानाच्या कॉम्प्युटरवर उघडते, आणि आत हो वाल्यांची नावं, नाही वाल्यांची नावं, तटस्थ असतील तर त्यांची नावं आणि चिठ्ठीवाल्यांची नोंद असं सगळं मिळतं. काकांसोबत महिला आरक्षणाची यादी काढली तर त्यांनी चष्मा लावून बोट फिरवत महाराष्ट्रातली नावं शोधली. त्यांच्याच एक गोष्ट लक्षात आली जी मला कोणी सांगितली नव्हती. "यात न आलेल्यांची नावं कुठे आहेत?" ती नसतात! जो आलाच नाही त्याचं नाव कुठल्याच रकान्यात नसतं, आपणच वजाबाकी करायची. आपल्या खासदाराचं नाव तिन्ही ठिकाणी सापडलं नाही तर त्याचं मत नोंदलेलं नाही. आणि गैरहजेरीचं कारण तिथे नसतं, आजारपण असेल, घरी काही झालं असेल, नाहीतर मुद्दाम टाळलं असेल. ते त्यालाच विचारावं लागतं.

आता व्हीप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाने आपल्या खासदारांना काढलेला आदेश. यादीत नाव मिळालं तरी त्या मतावरून खासदाराचं मन कळतं का, तर फार कमी. १९८५ मध्ये ५२ वी घटनादुरुस्ती झाली, पक्षांतरबंदीचा कायदा आला, राज्यघटनेची दहावी अनुसूची. पक्षाने व्हीप काढला आणि खासदाराने परवानगी न घेता विरोधात मत दिलं किंवा मत द्यायलाच आला नाही आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर त्याची खासदारकी जाऊ शकते. हा कायदा आला तो आयाराम गयाराम थांबवायला, आणि त्याची गरज होती हे मी मान्य करते. पण त्याने झालं असं की साध्यासाध्या विधेयकावर पण खासदार पक्षाच्या बाहेर जाऊ शकत नाही. समजा उद्या एखाद्या कायद्याने किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचं नुकसान होणार आहे, आपल्या खासदाराला ते कळतंय, पण पक्षाचा व्हीप आहे, तर तो हिरवं बटणच दाबणार. म्हणून मत बघायचंच, पण तेवढ्यावर थांबायचं नाही. व्हीप बटणाला असतो, प्रश्न विचारायला नसतो. खासदार स्वतःहून काय करतो ते दिसतं त्याच्या प्रश्नांत, भाषणांत आणि त्याने आणलेल्या खासगी विधेयकात, म्हणजे सरकारने नाही तर मंत्री नसलेल्या खासदाराने स्वतः मांडलेल्या विधेयकात.

काकांच्या फोटोतले आकडे तिथलेच होते. दिल्लीत पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च नावाची संस्था आहे, २००५ पासूनची, ती संसदेच्याच माहितीवरून प्रत्येक खासदाराची हजेरी, चर्चा, प्रश्न, खासगी विधेयकं एका पानावर मांडते आणि शेजारी देशाची आणि राज्याची सरासरी देते. चांगलं काम आहे, मी रोज वापरावं इतकं. पण तिथून आकडे उचलून फोटो बनवणारे आकड्यांखालची बारीक अक्षरं उचलत नाहीत.

हजेरी घ्या. हजेरी म्हणजे त्या दिवशी आल्याची नोंद केली. नोंद करून दहा मिनिटांत निघाला की संध्याकाळपर्यंत बसला हे त्यातून कळत नाही, आणि दैनिक भत्ता मिळायला ती नोंद लागते, म्हणून नोंद होतेच. आणि मंत्री असेल तर हजेरीची सहीच नसते. मंत्री प्रश्न विचारत नाही, तो उत्तरं देतो. रायगडचे अनंत गीते २०१४ ते २०१९ केंद्रात मंत्री होते, तर त्या पाच वर्षांचं त्यांचं हजेरी आणि प्रश्नांचं खातं रिकामं दिसणार, त्याचा अर्थ काही केलं नाही असा काढणं चुकीचं आहे. मंत्र्याचं काम बघायचं तर त्याच्या खात्याची उत्तरं वाचायची, ती वेगळीच मेहनत आहे.

प्रश्नांच्या आकड्यात जास्त गोम आहे. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित प्रश्न असतात आणि २३० अतारांकित. तारांकित म्हणजे मंत्री उभं राहून तोंडी उत्तर देतो आणि खासदाराला लगेच उपप्रश्न विचारता येतो, मंत्र्याला तिथल्या तिथे बोलावं लागतं. पण वेळ एक तास, त्यात जेमतेम पाच-सहा प्रश्न होतात, बाकीच्यांना लेखीच उत्तर. अतारांकित तर सगळेच लेखी. कोणाचे प्रश्न लागणार ते लॉटरीने ठरतं, त्यामुळे एखाद्या अधिवेशनात प्रश्न कमी दिसले म्हणून लगेच नावं ठेवू नयेत. दुसरं म्हणजे एकसारखे प्रश्न आले की एकत्र करतात, एकाच प्रश्नाखाली पाच-सहा खासदारांची नावं असतात आणि प्रत्येकाच्या खात्यात तो एक धरला जातो. आणि आकडा म्हणजेच काम असं धरायचं तर २००५ आठवा, पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचं छुप्या कॅमेऱ्यात सापडलं आणि ११ खासदारांना संसदेतून काढलं. प्रश्न त्यांच्याही खात्यात होतेच ना.

म्हणून मी काकांना म्हटलं, आकडा सोडा, प्रश्न वाचू. त्यांना हवा होता एलईडीचा विषय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मोठ्या बोटी रात्री प्रचंड उजेडाचे दिवे लावतात, मासा उजेडाला जमा होतो, लहान-मोठा सगळा एकदम जाळ्यात जातो, आणि आमच्या छोट्या होडीवाल्यांच्या जाळ्यात काही उरत नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, मासेमारी हा राज्याचा विषय आहे, तिथे महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारी कायदा चालतो. त्याच्या पलीकडे २०० मैलांपर्यंत केंद्राचा, आणि केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये तिथे एलईडी मासेमारीवर बंदी घातलीय.

हा १२ मैलांचा फरक काकांना समुद्रावर चांगला कळतो, पण संसदेत पण तोच कळीचा आहे हे नवीन होतं. मत्स्यव्यवसायावरची लेखी उत्तरं वाचायला घेतलीत तर एक वाक्य वारंवार भेटेल, की मासेमारी हा राज्याच्या अखत्यारीतला विषय आहे. खासदाराने जर मोघम विचारलं, मच्छीमारांच्या विकासासाठी सरकार काय पावलं उचलतंय, तर उत्तरात हे वाक्य येतं आणि पुढे योजनांची नावं आणि कोट्यवधींचे आकडे येतात, दोन पानं भरतात आणि हर्णैच्या माणसाला त्यातून काही मिळत नाही. तेच जर विचारलं की १२ मैलांच्या पलीकडे मागच्या तीन वर्षांत एलईडीच्या किती बोटींवर कारवाई झाली, वर्षवार सांगा, कोणत्या यंत्रणेने केली सांगा, तर मंत्र्याला ते राज्यावर ढकलता येत नाही, कारण तिथे अंमल केंद्राचा आहे. दोन्ही प्रश्न आकड्यात एकच धरले जातात. पहिला विचारायला दोन मिनिटं लागतात, दुसरा विचारायला बंदरावर येऊन बसावं लागतं.

उत्तर आलं की त्याचा शेवट नीट वाचा. "माहिती गोळा केली जात आहे आणि सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल" असं असेल तर ते उत्तर नाही, ते आश्वासन आहे, आणि संसदेत आश्वासनाला किंमत असते. त्यासाठी वेगळी समिती आहे, सरकारी आश्वासनं समिती, आणि तीन महिन्यांत ते पूर्ण करायचं असतं. अशी तारीख सापडली तर वहीत लिहून ठेवा आणि खासदाराच्या ऑफिसात जाऊन विचारा की साहेब, त्या उत्तराचं पुढे काय झालं. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणावर, कोकण रेल्वेच्या दुपदरीकरणावर असे प्रश्न शोधून बघा, एकाच विषयावरची पाच वर्षांची उत्तरं एकाखाली एक ठेवून वाचली की कुठली मुदत किती वेळा पुढे गेली ते आपोआप दिसतं, कोणी सांगायची गरज राहत नाही.

भाषणांचं थोडक्यात सांगते. रीलमध्ये दिसणारं तावातावाचं भाषण बऱ्याचदा शून्य प्रहरातलं, म्हणजे प्रश्नोत्तराच्या तासानंतर तातडीचे मुद्दे मांडायच्या वेळेतलं असतं, दोन-तीन मिनिटांचं, आणि त्यावर मंत्र्याने लगेच उत्तर द्यायलाच हवं असं बंधन नसतं. नियम ३७७ खाली मांडलेले मुद्दे तर पुष्कळदा नुसते लेखी पटलावर ठेवतात, तोंडाने एक शब्द न बोलता. अर्थसंकल्पावरची कित्येक भाषणं पण लिहून देतात. वृत्तांतात ते तसं नमूद असतं, तेवढं बघा. काही शब्द कामकाजातून काढले असतील तर तिथे तारे दिसतात. आणि खासदार मराठीत बोलला असेल तर आधी नोटीस देऊन बोलता येतं, भाषांतराची सोय आहे, त्यामुळे मराठी चालत नाही हे कोणी सांगितलं तर ऐकू नका. समित्यांचं काम मात्र बंद दाराआड चालतं, तिथलं भाषण मिळणार नाही, पण अहवालाच्या शेवटी बैठकीला कोण हजर होतं ती नावं असतात आणि कोणी वेगळं मत लिहून दिलं असेल तर ते पण.

खासगी विधेयकाचा आकडा बघून लोक म्हणतात, आणलं एक आणि मंजूर शून्य, काय उपयोग. १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही, मग तो शून्य सगळ्यांचाच आहे. पण आपल्या कोकणातलंच उदाहरण आहे. वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै, १९५७ पासून १९७० च्या शेवटी लोकसभा बरखास्त होईपर्यंत राजापूरचे खासदार. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूलभूत हक्कांना हात लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, आणि त्याच वर्षी नाथ पैंनी, विरोधी बाकावरून, संसदेचा तो अधिकार परत मिळवून देणारं खासगी विधेयक आणलं. ते मंजूर झालं नाही. पण देशभर त्यावर चर्चा झाली आणि १९७१ मध्ये, नाथ पै वारल्यानंतर काही महिन्यांनी, सरकारने २४ वी घटनादुरुस्ती केली ती त्याच दिशेची होती. आजच्या फोटोत ते विधेयक बसवलं असतं तर एक, मंजूर शून्य, असंच छापून आलं असतं.

तर काकांना मी शेवटी फोटो डिलीट करू नका म्हटलं, फक्त त्याच्या शेजारी आपला कागद ठेवू. आम्ही एक साधी वही केली. डाव्या पानावर मतविभाजन झालेल्या दिवसांच्या तारखा, विषय, आपल्या खासदाराचं नाव हो मध्ये, नाही मध्ये, तटस्थ की कुठेच नाही. उजव्या पानावर फक्त तीन विषय, मासेमारी, महामार्ग आणि कोकण रेल्वे, त्यावर त्याने विचारलेला प्रश्न, तारीख, उत्तरात काय मुदत दिली. सगळं लिहायला गेलं तर कोणाचंच होणार नाही, १७ व्या लोकसभेच्या पाच वर्षांत २७४ बैठका झाल्या, पण तीन विषयांचं दुकानात बसून दोन संध्याकाळी झालं.

एलईडीच्या पानावर काकांनी स्वतःच्या अक्षरात तो १२ मैलांपलीकडचा प्रश्न लिहिलाय, मी टाईप करून दोन प्रती काढून दिल्या. प्रश्नाची नोटीस साधारण १५ दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की त्याच आठवड्यात ते सोसायटीच्या चेअरमनना घेऊन खासदाराच्या ऑफिसात जाणार आहेत. दुसरी प्रत वहीत चिकटवलीय, खाली उत्तरासाठी अर्धं पान कोरं सोडून.